वळण कुणी लावायचं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बैठकीत मी एक विषय मांडला आणि तो हसण्यावारी गेला. पांढरकवड्याला आमची महिन्यातून एकदा बैठक असते. केळापूर तालुक्यातल्या गावांतून आणि पोडांवरून कार्यकर्त्या येतात. त्या दिवशी एकट्या बायकांच्या पेन्शनचे अडकलेले अर्ज, रोजगार हमीची थकलेली मजुरी आणि एका गावातली चोरटी दारू एवढं सगळं समोर होतं. ते संपल्यावर मी म्हटलं, या वेळच्या किशोरी शिबिरात एक सत्र केसांवर घेऊ. आपले केस कोणत्या जातीचे आहेत हे मुलींना ओळखता आलं पाहिजे.

"आता केसातबी जात आणली का ताई?" एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या, मीही हसले. दुसरी मात्र हसली नाही. "गावात पाणी नाई, आन् तुम्ही केसाईवर बोलून राह्यल्या," एवढं म्हणून तिनं पिशवी उचलली.

तिचा राग मला समजतो. केस, रंग, बांधा हे सगळं बाजाराचं आहे, बाईला आरशापुढे बसवून ठेवण्याचं साधन आहे, असंच मीही चळवळीत शिकले. १९९६ साली बंगलोरला विश्वसुंदरी स्पर्धेच्या विरोधात बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, त्याची आठवण आमच्या ज्येष्ठ मैत्रिणी आजही सांगतात. मग मी उलट दिशेनं निघाले आहे का? मला तसं वाटत नाही. कारण मी हा विषय पार्लरमधून उचललेला नाही. तो मला एका चौदा वर्षांच्या मुलीच्या मानेवर सापडला.

तिचं नाव आणि गाव सांगत नाही. तिला टायफॉइड झाला होता. महिनाभर अंथरुणाला खिळलेली. घरात आई एकटी, कापूस वेचणीचे दिवस, पहाटे निघाली की अंधार पडताना परत. आजारी पोरीच्या केसांतून फणी कोण फिरवणार? ताप उतरला तेव्हा मानेमागे मुठीएवढा गुंता झाला होता. आईनं एकदा फणी घालून पाहिली, पोर किंचाळली, आईनं हात काढला. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, हे देवीचं आहे, हात लावू नका. पुढं एका अंगात येणाऱ्या बाईकडे नेलं. तिनं माहूरची रेणुका सांगितली. झालं. त्या दिवसापासून केस धुणं बंद, विंचरणं बंद, आणि शुक्रवारी पोरीच्या डोक्याला हळदकुंकू. मी पाहिली तेव्हा जट कमरेपर्यंत पोचायच्या बेतात होती. वास यायचा. उवा होत्याच. मान एका बाजूला कललेली. शाळा सुटली होती, कारण शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं, आणि देवीची पोर म्हणून तिला काही बोलायलाही कुणी धजत नव्हतं. मान आणि वाळीत टाकणं एकाच वेळी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

आमच्यापैकी कुणीही कात्री घेऊन गेलं नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जटांचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी तर कित्येक बायकांना जटेतून सोडवलं, आणि त्या मूळच्या ब्युटीपार्लर चालवणाऱ्या, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. केसाला हात कसा लावायचा हे ज्या बाईला कळतं तिच्यावर दुसरी बाई विश्वास टाकते. नुसतं कायदा सांगून भागत नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. तो हवाच होता. पण आईच्या मनातली भीती पोलीस ठाण्यात सुटत नाही.

पाच फेऱ्या झाल्या. पाचव्या वेळी आई म्हणाली, "कापू नका. कापलं त घरात वाईट होईन. सोडवता येत असन त सोडवा." हे वाक्य आमच्यासाठी दार होतं. खोबरेल तेल, विणकामाची सुई आणि दोन दिवस. टोकाकडून सुरुवात, एकेक बट. जटेत होतं तरी काय? गळलेले केस. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरले तर फणीत येतात, नाही विंचरले तर शेजारच्या जिवंत केसांत अडकून बसतात. त्यावर तेल, धूळ, घाम, उवांची घाण, आणि सगळ्याचा नमदा होतो. आई शेजारी बसून बघत होती. मोकळा झालेला प्रत्येक पुंजका ती हातात घेऊन उलटसुलट करायची. शेवटी खालचे चार बोटं केस कापावे लागले, ते तिनंच कापले.

डोकं धुतलं. केस वाळले आणि एकदम वर उचलले गेले. बारीक बारीक वेटोळी, करंगळीभोवती बसतील एवढी. आई बघतच राहिली. "माह्या सासूचे असेच होते," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "तिले बी जट होती."

मी त्या रात्री झोपले नाही. जट पिढीजात असते, देवी एका घराला धरते, हे आपण गावोगाव ऐकतो. दक्षिण महाराष्ट्रात तर मुलीच्या डोक्यात जट आली की तिला यल्लमाला सोडायची, तिथूनच देवदासी होण्याची वाट सुरू व्हायची. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद झाली, नंतर कायदे आले. आम्ही सभांमधून उत्तर द्यायचो की जट म्हणजे फक्त अस्वच्छता. पण आईला ते पटत नसे, आणि तिचं बरोबर होतं. एकाच घरात, एकाच पाण्यानं, एकाच साबणानं डोकं धुणाऱ्या दोघींपैकी एकीलाच जट होते, हे ती डोळ्यांनी पाहत होती. आमच्या उत्तरात तिच्या प्रश्नाला जागाच नव्हती. घराण्यातून येतं ते केसाचं वळण. आजीचे बारीक कुरळे, दाट केस नातीला आले. तसे केस महिनाभर न विंचरता राहिले तर गुंता होणारच. सरळ, विरळ केसांचा तेवढ्याच दिवसांत तेवढा होत नाही. अस्वच्छ म्हणून आपण तिला दोष दिला, तेव्हा देवीनं निदान तिला मान तरी दिला होता.

"जात" हा शब्द मी आता वापरत नाही, "वळण" म्हणते. त्यातही गंमत आहेच. मुलीला वळण लावायचं असतं, नाही का? खालमानेनं चालायचं, हळू बोलायचं आणि केस चापूनचोपून घालायचे. झिपऱ्या सोडलेली, झिंज्या पिंजारलेली, ही बाईला द्यायची विशेषणं आहेत. लग्नाच्या बोलणीत "लांबसडक केस" हे सोन्याच्या बरोबरीनं मोजलं जातं. कुरळ्या केसांची पोरगी हट्टी निघते, हे तर मी माझ्याच आत्याच्या तोंडून ऐकत वाढले.

माझे केस कुरळे आहेत. हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं. वाचून हसू येईल, पण खरं आहे. त्याआधी मला माहीत होतं ते एवढंच, की माझे केस "वाईट" आहेत. आई दर रविवारी तेल थापून, बारीक दातांच्या फणीनं वरपासून खालपर्यंत ओढून दोन वेण्या घालायची. कोरडे विंचरले की ते फुलून उभे राहायचे, म्हणून आणखी तेल. नागपूरला एमएसडब्ल्यू करताना स्त्रीवादावर पेपर लिहिले आणि वसतिगृहाच्या आरशासमोर उभी राहून केसांवर इस्त्री फिरवली. चोविसाव्या वर्षी बघण्याचा कार्यक्रम ठरला तेव्हा एका पार्लरमध्ये जाऊन केस कायमचे सरळ करून घेतले. पैसे माझ्या पहिल्या दोन पगारांतले. औषधाच्या वासानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलाकडच्यांनी नकार दिला तो दुसऱ्याच कारणासाठी. सहा महिन्यांनी मुळाशी नवे केस कुरळे यायला लागले आणि सरळ भाग जोडावरून तुटायला लागला. "कायमचे" या शब्दाचा अर्थ तेव्हा समजला.

तो अर्थ असा. केस कातडीच्या आत ज्या मुळाच्या पिशवीतून वर येतो, तिच्या आकारावर त्याचं वळण ठरतं. पिशवी सरळ आणि गोल असेल तर केस सरळ येतो. ती वाकडी असेल तर केस लंबगोल, चपटा होतो आणि वळत वळत वाढतो. हे आईबापांकडून येतं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्यातले धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना धरून असतात. सरळ करण्याची काही औषधं ते बंध तोडून नव्यानं जोडतात, काही केसांवर लेप चढवून त्यांना ताठ करतात. पण जे काही होतं ते बाहेर आलेल्या केसाला. आतल्या पिशवीला त्याची खबरही नसते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दर काही महिन्यांनी पार्लरची पायरी पुन्हा चढायची.

आणि ही पायरी नुसती खर्चाची नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांची सुमारे अकरा वर्षं नोंद ठेवून २०२२ साली निष्कर्ष मांडले. केस सरळ करण्याची रसायनं कधीच न वापरणाऱ्या बायकांमध्ये सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १.६४ टक्के निघालं, वरचेवर वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे संशोधकही सांगतात. पण या रसायनांचा सर्वाधिक वापर काळ्या स्त्रिया करत होत्या. नोकरीला जायचं तर केस गोऱ्या बाईसारखे हवेत, हा दबाव त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथं २०१९ साली कॅलिफोर्निया राज्यानं कायदाच केला, की नैसर्गिक केसांवरून कुणाला शाळेतून वा कामावरून हटवता येणार नाही. २०२४ मध्ये ट्युनिशियातल्या एका तरुणीची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. तिनं तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. लावलेल्या क्रीममध्ये ग्लायॉक्झिलिक आम्ल होतं. आमच्या तालुक्याच्या गावात आज असे प्रकार पार्लरमध्ये होतात आणि लग्नसराईत त्यासाठी रांग लागते. डब्यावर काय लिहिलंय हे ना करणारी वाचते, ना करून घेणारी. करणारीही बचत गटातून कर्ज काढून धंदा टाकलेली आपलीच मैत्रीण असते, आणि ती वाफ दिवसभर तिच्याच छातीत जाते. तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. तिच्यासाठीही हे सत्र हवं आहे.

मग वळण ओळखायचं कसं? यासाठी काही विकत आणावं लागत नाही. एका सुट्टीच्या दिवशी डोकं धुवा, तेल लावू नका, विंचरू नका, टॉवेलनं खसाखसा पुसू नका. तसेच वाळू द्या. वाळल्यावर बघा. सुतासारखे सरळ पडले तर सरळ. इंग्रजी एस अक्षरासारखी सैल लाट आली तर लाटदार. बोटाभोवती गुंडाळल्यासारखी वेटोळी झाली तर कुरळे. आणि स्प्रिंगसारखी घट्ट, बारीक नागमोडी झाली तर त्याहून कुरळे. एकाच डोक्यात दोन-तीन प्रकार असू शकतात. माझे मानेजवळ घट्ट आहेत आणि कपाळावर नुसतीच लाट. मग एक केस घेऊन शिवणाच्या दोऱ्याशेजारी धरा. चिमटीत जाणवतच नसेल तर तो बारीक, दोऱ्यासारखा हाताला लागला तर जाड. भांग पाडून टाळू किती दिसते बघा, त्यावरून दाट की विरळ ते कळतं. पाण्याच्या ग्लासात केस टाकून तरंगतो की बुडतो बघायची एक परीक्षा मुली मोबाइलवरून शिकून येतात. तिच्यावर विसंबू नका. केसाला तेलाचा अंश असला तरी तो तरंगतो.

हे कळून करायचं काय? कुरळ्या केसात टाळूचं तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून तो टोकाला कोरडा राहतो. त्याला कोरडं विंचरायचं नाही. ओला असताना किंवा तेलाचा हात लावून, मोठ्या दातांच्या फणीनं, टोकाकडून वर वर सरकत सोडवायचा. कपड्यांच्या साबणानं किंवा निरम्यानं डोकं धुतलं तर कुठलाही केस राठ होतो, कुरळा सर्वांत आधी. आणि आमच्या भागात बोअरचं पाणी इतकं जड, की साबणाचा फेसच होत नाही, केसांवर चिकट थर बसतो. एक बादली पावसाचं किंवा विहिरीचं गोडं पाणी शेवटच्या धुण्याला ठेवता आलं तर फरक पडतो. पाण्याचा प्रश्न सोडून मी केसांवर बोलते असं म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी हेच सांगितलं. आपण त्याच हातपंपावर येऊन पोचलो आहोत.

आणि केस वेगळं वागायला लागले तर तेही ओळखता येतं, पण आधी आपलं नेहमीचं वळण माहीत असलं तर. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी केस पुंजक्यानं गळतात, मोठ्या तापानंतर गळतात, रक्त कमी असलं तरी गळतात. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांमध्ये माणसांना दोन-चार दिवसांत टक्कल पडायला लागलं. आधी शाम्पूवर संशय, मग पाण्यावर. पुढं डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तरुण मुलींनी डोक्यावर रुमाल बांधले आणि कॉलेजला जाणं सोडलं. त्या मुलींना कुणी म्हणेल का, की केस हा चैनीचा विषय आहे?

आता माझ्याच म्हणण्यातला धोका सांगते, कारण तो मला छळतो. केसांचे प्रकार पाडणं हे निरागस काम कधीच नव्हतं. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या कायद्यानं माणसांची वर्णानुसार नोंद सुरू झाली, तेव्हा केसात पेन्सिल खोचून बघत. पेन्सिल पडली तर एक वर्ण, अडकली तर दुसरा. त्यावरून माणूस कुठं राहणार, कुठल्या शाळेत जाणार हे ठरायचं; एकाच घरातली भावंडं वेगळी पडली. तो कायदा १९९१ साली गेला. आपल्याकडेही इंग्रज अधिकारी नाकाची मापं घेत हिंडले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या जमातींच्या नाक-ओठ-केसांची वर्णनं आहेत, आणि त्याच जमातींच्या मुली आज माझ्या शिबिरात बसतात. आज बाजारात चालतो तो एक ते चार आकड्यांचा तक्ता आंद्रे वॉकर या अमेरिकी केशरचनाकारानं १९९७ च्या सुमारास लोकप्रिय केला. तो आता बाटल्या विकायला वापरतात. म्हणून मी शिबिरात तक्ता लावत नाही, आकडे देत नाही. कुणाचे चांगले हा प्रश्न कुणी विचारला तर तिथंच थांबते आणि त्यावरच बोलते. वळण ओळखायचं ते फणी निवडण्यासाठी, माणूस निवडण्यासाठी नाही.

एका निवासी शाळेत दरवर्षी जूनमध्ये मुलींचे केस सरसकट कापले जायचे. उवा होतात म्हणून. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की यांच्या केसांत फणीच जात नाही. ती कुठली फणी, हे बघितलं. चाळीस मुलींत चार बारीक फण्या होत्या. मला त्या क्षणी १८९० साल आठवलं. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं मुंबईच्या नाभिकांनी ठरवलं होतं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं. वस्तरा धरणाऱ्या हातांनीच नकार दिला. हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ मध्ये विधवाप्रथांविरुद्ध ठराव केला, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग न विचारता कापलेल्या दहा वर्षांच्या मुलीच्या वेणीला आपण काय म्हणणार आहोत? उवांना औषध आहे, ते आरोग्य केंद्रात मागता येतं. कात्री स्वस्त पडते एवढंच.

माझं म्हणणं इतकंच आहे की पाळीवर, रक्तक्षयावर आपण जसं बोलतो तसं यावर बोला. किशोरी शिबिरात एक तास ठेवा. आश्रमशाळेला गेलात तर फण्या मोजा. जटेच्या घरी गेलात तर पहिल्यांदा विचारा, या घरात आणखी कुणाचे केस असे होते? आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.

त्या मुलीसाठी मोठ्या दातांची फणी आणायला मी आठवडी बाजारात गेले होते. फणी, टिकल्या, रिबिनी विकणाऱ्याच्या पाटीत सगळ्या बारीकच. "मोठ्या दाताच्या कोणी घेत नाई मॅडम," तो म्हणाला. मी म्हटलं, एक डझन आणा, उरल्या तर मी घेईन. पुढच्या बाजाराला त्यानं आणल्या. मी एक घेतली. त्याच्या पुढच्या बाजाराला गेले तर पाटीत तीन होत्या.